कोतवालाची वही आणि साथीचे रोग

मंडळी, तुमच्यापैकी पुष्कळांनी कधी ना कधी तहसील कचेरीत खेटे घातले असतील. मुलाला जातीचा दाखला हवा, त्यासाठी आजोबा-पणजोबांचा पुरावा हवा, आणि तो पुरावा सापडतो कोठे, तर कोतवालाच्या जुन्या वहीत. आपल्या भंडाऱ्याकडे तिला कोणी कोतवाल पंजी म्हणतात, कोणी नुसते कोतवाल बुक म्हणतात. पिवळ्या पडलेल्या पानांवरून बोट फिरवायचे, पणज्याचे नाव सापडले की नक्कल मागायची आणि वही मिटायची. आज ती वही थोडी अधिक वेळ उघडी ठेवा, एवढेच मला सांगायचे आहे. कारण ती जातीच्या दाखल्यासाठी लिहिलेलीच नव्हती. गावात कोण जन्मले, कोण मेले आणि कशाने मेले, हे सरकारला कळावे म्हणून ती लिहिली गेली. आपल्या मुलखात आरोग्याचा सरकारी कारभार कोठून सुरू झाला हे शोधू गेलो, तर मोठ्या दवाखान्याच्या आधी ही वही हाताला लागते.

त्या काळी आपला जिल्हा मध्य प्रांतात होता. आजचा गोंदिया जिल्हाही आपल्यातच होता. तो वेगळा झाला १९९९ साली. पद्धत अशी होती की, गावात जन्म किंवा मृत्यू झाला म्हणजे कोतवालाने त्याची याद ठेवायची आणि नेमल्या दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन ती सांगायची. पुष्कळ कोतवालांना लिहिता-वाचता येत नसे. मग गावातला कोणी जाणता माणूस किंवा ठाण्यातला मुन्शी ती नोंद लिहून काढी. मरणाच्या कारणांचे रकाने ठरलेले होते: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे विकार, अपघात, साप आणि जंगली जनावर. ठाण्यातून हे आकडे जिल्ह्याला, जिल्ह्यातून नागपूरला जात. एखाद्या गावी पटकीची चार मरणे एका आठवड्यात लागली, तर त्या गावच्या विहिरीत टाकण्यासाठी तांबडे औषध, म्हणजे परमँगनेट, पाठवण्याची व्यवस्था होती. ते वेळेवर पोचले तर पुढची मरणे टळत.

येथे एक गोष्ट विसरू नका. हा कोतवाल पुष्कळ गावांत महार समाजातला असे. पटकीची पहिली खबर ठाण्यात नेणारा तो. आणि ज्या विहिरीतून पटकी गावात पसरे, त्या विहिरीला हात लावण्याची मुभा त्याला नसे. त्याच्या वस्तीने नाल्याकाठी झरा उकरून पाणी प्यावे, अशी रीत. ज्याच्या पायांवर सारी व्यवस्था उभी होती, त्यालाच ती चांगले पाणी देत नव्हती. रोगाला शिवाशीव ठाऊक नव्हती. ती आपणच पाळत होतो, आणि त्यापायी गावाची एक बाजू साथीला सदैव उघडी राही.

आता वहीतल्या आकड्यांकडे वळू. १८९१ च्या खानेसुमारीत भंडारा जिल्ह्याची वस्ती सुमारे ७ लाख ४३ हजार भरली होती. दहा वर्षांनी, १९०१ साली, ती सुमारे ६ लाख ६३ हजार निघाली. माणसे वाढायची, ती ऐंशी हजारांनी घटली. मध्यंतरी काय झाले होते? दोन दुष्काळ. एक १८९६-९७ चा आणि दुसरा १८९९-१९०० चा. आपला मुलूख धानाचा. पाऊस गेला की बांधी कोरडी, बोडी कोरडी आणि मजुराचे पोटही कोरडे. सगळी माणसे अन्नावाचून मेली असे समजू नका. काही गाव सोडून गेली. राहिलेल्यांपैकी कितीतरी जणांना ताप, हगवण आणि पटकी यांनी नेले. तळ्याच्या तळाशी उरलेले गढूळ पाणी माणूसही पिई आणि जनावरही. उपाशी शरीर आणि घाण पाणी यांची गाठ पडली की साथीला निमंत्रण लागत नाही.

पण खरी परीक्षा झाली ती १९१८ साली. वडीलधाऱ्यांच्या तोंडून ‘तापाची साथ’ असे शब्द तुमच्या घरी कधी ऐकू आले असतील. ती साथ इन्फ्लुएंझाची. पहिले महायुद्ध संपत आले होते. जूनमध्ये हा ताप मुंबई बंदरात दिसला. पहिला झटका सौम्य होता. सप्टेंबरात तो पुन्हा उलटला, आणि या वेळी माणसे पाच-सहा दिवसांत जाऊ लागली. आगगाडीच्या वाटेने तो देशभर पसरला. मुंबईहून नागपूर आणि नागपूरहून कलकत्ता, हा लोहमार्ग आपल्या वरठीवरून आणि तुमसर रोडवरून जातो, हे तुम्हांला सांगायला नको. ऑक्टोबर महिन्यात मध्य प्रांतात कहर झाला. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता.

साऱ्या देशात या साथीने किती माणसे गेली, याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत आणि त्याहूनही पुढे जातात. प्रांतांप्रांतांची तुलना केली, तर सर्वांत अधिक मार खाल्लेल्या भागांत आपला मध्य प्रांत आणि वऱ्हाड होता. हजार माणसांमागे साठांहून अधिक माणसे गेली. हा आकडा जरा आपल्या गावाला लावून पहा. पाचशे वस्तीचे गाव असेल, तर तीस मरणे. आणि तीही वर्षभरात विखुरलेली नव्हेत, बहुतेक दोन-अडीच महिन्यांतली. त्यातही म्हातारेकोतारे मागे राहिले आणि वीस ते चाळीस वयाची कर्ती माणसे गेली. पुरुषांपेक्षा बायका अधिक गेल्या, कारण आजाऱ्याची उशापायथ्याची सेवा त्यांच्याच वाट्याला आली आणि स्वतःच्या पोटात मात्र कमी गेले. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. खानेसुमारी सुरू झाल्यापासून असे दशक हे एकच.

मग कोतवालाच्या वहीत काय दिसते? इन्फ्लुएंझाला तीत रकानाच नव्हता. त्यामुळे बहुतेक मरणे ‘ताप’ या जुन्याच रकान्यात जाऊन पडली. शिवाय खबर देणारा कोतवालही माणूसच. तोही अंथरुणाला खिळला, लिहून घेणारा मुन्शी खिळला, आणि नोंदीची रीत जागोजागी कोलमडली. म्हणून त्या वर्षीचे खरे आकडे पुढे विद्वानांना खानेसुमारीवरून अदमासाने काढावे लागले. साथ आली तेव्हा पहिल्याने मोडली ती खबर.

दुसरी मोडली ती शुश्रूषा. कितीतरी डॉक्टर युद्धावर गेलेले. जिल्ह्यात दवाखाने मोजके, आणि तेही शहरगावी. तसे पाहिले तर त्या तापावर हुकमी औषध विलायतेतही नव्हते. पण औषध नसले तरी काही करता येतच नव्हते असे नाही. आजारी माणसाला वेळेवर पाणी मिळाले, वाटीभर पेज मिळाली, ऊब मिळाली, तर पुष्कळ जण तगतात. पण घरातली सगळीच एकदम पडली, तर पेज करणार कोण? गावात रोज घरोघर जाणारे, कोण पडले आहे आणि कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे पाहणारे, असे नेमलेले माणूस नव्हते. वही होती, पण खबरेवर धावून जाणारे कोणी नव्हते.

देशाची आरोग्यव्यवस्था साथीत टिकते कशाने, असे कोणी विचारले, तर मला हे साधे उत्तर सुचते. साथ आल्यावर नवी व्यवस्था उभी करता येत नाही. आग लागल्यावर विहीर खणण्यासारखेच ते. जी व्यवस्था साध्या दिवसांत रोज चालते, तीच साथीत वाकते, पण मोडत नाही. आता तुम्ही म्हणाल, हे तर शहाणपणाचे बोल झाले, पुरावा काय? पुरावा पुढच्या इतिहासात आहे.

१९४३ साली सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिचा अहवाल १९४६ साली आला. खेड्यातल्या माणसाला पैसे नाहीत म्हणून औषधपाण्याला मुकावे लागू नये, आणि त्याच्या जवळच प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, हे त्या अहवालाचे सार. स्वातंत्र्यानंतर १९५२ पासून सामूहिक विकास योजनेबरोबर अशी केंद्रे निघू लागली. १९६२ साली जिल्हा परिषदा झाल्या आणि ही केंद्रे त्यांच्याकडे आली. पुढे तीस हजार वस्तीला एक केंद्र, पाच हजारांना एक उपकेंद्र, असे माप ठरले. आदिवासी आणि डोंगराळ भागात वीस हजार आणि तीन हजार. कागदावरचे माप प्रत्यक्षात भरायला वर्षे लागली, आणि कोठे कोठे ते आजही पुरते भरलेले नाही. पण नर्सबाई, देवीडॉक्टर, फवारणीवाले अशी माणसे गावात दिसू लागली, ती यातूनच.

या माणसांनी काय केले, त्याची दोन उदाहरणे सांगतो. एक यशाचे आणि एक अपयशाचे.

यशाचे उदाहरण म्हणजे देवीचा रोग. इंग्रजी अमदानीतही देवी काढीत असत, पण सक्ती बहुतांशी नगरपालिकांच्या हद्दीपुरती. खेड्यात देवीडॉक्टर आला की बाया पोरांना घेऊन शेतात लपत. स्वातंत्र्यानंतर लस टोचण्याची मोठी मोहीम झाली, तरी रोग पुरता हटेना. मग सत्तरच्या दशकात पद्धत बदलली. सगळ्यांना टोचीत बसण्यापेक्षा रोगी कोठे आहे हे आधी हुडकायचे आणि त्याच्या भोवतीच्या माणसांना टोचून रोगाला कुंपण घालायचे, असे ठरले. त्यासाठी हवी होती खबर. देवी आलेल्या मुलाचे चित्र घेऊन कर्मचारी बाजारात, शाळेत, घरोघर फिरले. गुरुजी, तुम्हांला हे ऐकून बरे वाटेल की, या कामी शाळकरी मुले आणि शिक्षक हे खबरेचे फार चांगले साधन ठरले. मुलांना गावातले सारे ठाऊक असते आणि ती लपवीत नाहीत. पुढे तर खरी खबर देणाराला हजार रुपये इनाम लागले. मे १९७५ मध्ये भारतातला देवीचा शेवटचा रोगी सापडला आणि १९७७ साली देश देवीमुक्त झाल्याचा निर्वाळा मिळाला. ज्या रोगासमोर आपल्या आज्या हात जोडीत होत्या, तो आज जगात कोठेही नाही.

आता अपयशाचे उदाहरण: हिवताप. आपला जिल्हा तळ्यांचा, धानाचा आणि रानाचा, म्हणून हिवताप आपल्या परिचयाचा. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरसाल साडेसात कोटी माणसांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ साली डी.डी.टी. फवारण्याची राष्ट्रीय मोहीम निघाली. १९५८ साली तिचे नाव झाले निर्मूलन मोहीम. भिंतीवर फवारा मारायचा आणि तारीख लिहून जायचे. कर्मचाऱ्याने पंधरा दिवसांनी घरी यायचे, ताप आलेल्याच्या बोटातून थेंबभर रक्त काचपट्टीवर घ्यायचे. १९६५ पर्यंत देशातले रोगी लाखाच्या घरात उतरले. सगळ्यांना वाटले, झाले काम. मोहिमेचा जोर कमी झाला. पुष्कळ ठिकाणी काम आरोग्य केंद्रांवर सोपवले गेले, पण ती केंद्रे तेव्हा अर्धीमुर्धीच उभी होती. औषधाचा तुटवडा पडला. डासांना डी.डी.टी. सोसू लागले. सण आला की घरोघर भिंती सारवल्या जात आणि फवारलेले औषध शेणामातीखाली झाकले जाई. परिणाम काय झाला? १९७६ साली देशात चौसष्ट लाख रोगी नोंदले गेले. लाखाचे चौसष्ट लाख, अवघ्या अकरा वर्षांत!

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवा. देवीच्या बाबतीत शेवटचा रोगी सापडल्यावरही शोध थांबवला नाही. दोन वर्षे गावोगाव हुडकत राहिले. हिवतापाच्या बाबतीत रोग ओसरला तसे आपणही ओसरलो. रोग कमी झाला म्हणजे काम संपले, असे वाटणे हीच आरोग्यव्यवस्थेची मोठी खोड.

थोडे बाहेरच्या जगाकडे पाहू. २०१४ साली पश्चिम आफ्रिकेत इबोला नावाची भयंकर साथ आली. गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत मिळून अकरा हजारांहून अधिक माणसे गेली. त्या देशांत यादवी होऊन गेलेल्या, दवाखाने मोडकळीस आलेले, डॉक्टर थोडे, आणि लोकांचा सरकारवर भरवसा नाही. जवळच नायजेरिया हा देश आहे. त्याच्या लागोस या अफाट शहरात जुलै महिन्यात एक रोगी विमानाने येऊन उतरला. सगळ्यांच्या पोटात गोळा आला. पण नायजेरियात पोलिओ हटवण्यासाठी नेमलेली माणसे, त्यांची कचेरी, घरोघर जाऊन नोंद घेण्याची त्यांची सवय, हे सारे आधीपासून चालू होते. तीच माणसे त्यांनी इबोलाच्या मागे लावली. रोग्याला भेटलेला प्रत्येक माणूस हुडकला. वीस रोगी आणि आठ मृत्यू यांवर ती साथ थांबली, आणि ऑक्टोबरात देश इबोलामुक्त जाहीर झाला. नायजेरिया काही श्रीमंत देश नव्हे. पण त्याची विहीर आधी खणलेली होती.

आता आपल्या घरी येऊ. २०२० सालचा मार्च तुम्ही विसरला नसाल. देश बंद झाला. कायदा वापरला तो १८९७ सालचा, प्लेगच्या वेळचा. भंडाऱ्याहून लाखनी, साकोलीकडे जाणाऱ्या हमरस्त्याने छत्तीसगड-ओडिशाचे मजूर पोरेबाळे घेऊन पायी जाताना आपण पाहिले. रस्त्याकाठच्या गावांनी त्यांना भाकर-पाणी दिले. जिल्ह्यात पहिला रोगी सापडला २७ एप्रिल २०२० रोजी. गावोगावच्या शाळा बाहेरून आलेल्यांसाठी विलगीकरणाची जागा झाल्या. शिक्षक नाक्यांवर उभे राहिले, घरोघरच्या पाहणीला गेले. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली, तेव्हा प्रत्येक दारात कोण उभे होते? आशाताई. २००५ सालच्या ग्रामीण आरोग्य अभियानातून साधारण हजार वस्तीला एक आशा नेमली गेली. ती त्याच गावची सून असते. कोणाला दिवस गेले आहेत, कोणाचे पोर लसीला चुकले, कोणाचा खोकला दोन आठवडे थांबत नाही, हे तिला तोंडपाठ. १९१८ साली गावाला जे माणूस नव्हते, ते २०२० साली होते.

त्यातच ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला. भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरले, नदीकाठची गावे वेढली गेली. एकीकडे चार हात दूर राहा असे सांगायचे, आणि दुसरीकडे पूरग्रस्तांना एका छपराखाली आणायचे! पुरानंतर विहिरी बुडालेल्या, म्हणजे पटकी-हगवणीला रान मोकळे. अशा वेळी कामाला येते ते ग्रामपंचायतीतले टी.सी.एल. पावडरचे पोते आणि ती पाण्यात टाकणारा जलसुरक्षक. या पोत्याकडे एरवी कोण पाहतो? पण ते ओलीत उघडे पडले असेल तर त्याचा दम निघून जातो, आणि ऐन वेळी विहिरीत टाकलेली पावडर म्हणजे नुसता चुना.

दुःखाची गोष्टही सांगितली पाहिजे. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. सतरा बाळे आत होती. सात वाचली, दहा गेली. ती साथीने गेली नाहीत. पण सगळ्या देशाचे लक्ष साथीकडे लागलेले असताना ती गेली, आणि आपल्याला एक गोष्ट सांगून गेली. आरोग्यव्यवस्था म्हणजे डॉक्टर आणि औषध एवढेच नव्हे. इमारतीतली तार, रात्रीचा पहारा, धुराची सूचना देणारे यंत्र, बाहेर पडायची वाट, हेही आरोग्याचेच सामान आहे. त्या दहा आयांपुढे मोठाले आकडे बोलण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाच नाही.

मग आली एप्रिल २०२१ ची दुसरी लाट. त्या महिन्याच्या मध्याला जिल्ह्यात एकाच वेळी बारा हजारांहून अधिक रोगी होते. खाट मिळेना, प्राणवायू मिळेना. विशाखापट्टणमहून प्राणवायूचे टँकर घेऊन पहिली आगगाडी नागपूरला पोचली ती २३ एप्रिलला. तोवर कितीतरी घरांतला कर्ता माणूस गेला होता. तेथे व्यवस्था नुसती वाकली नाही, काही जागी मोडली, हे कबूल केले पाहिजे. पुढे शोध, तपासणी आणि लस यांनी साथ आवरली. ६ ऑगस्ट २०२१ रोजी भंडारा जिल्ह्यात उपचाराखाली एकही रोगी उरला नाही, आणि राज्यात असा हा पहिला जिल्हा म्हणून आपले नाव झाले. तोपर्यंत सुमारे साठ हजार लोकांना रोग होऊन गेला होता आणि अकराशेंहून अधिक माणसे गेली होती. आपण पेढे वाटायला हरकत नव्हती. पण जानेवारी २०२२ मध्ये रोगी पुन्हा दिसलेच. हिवतापाचा धडा येथेही खरा ठरला.

आणखी एक गोष्ट डोळ्यांआड होऊ देऊ नका. साथीत फक्त साथीचेच रोगी मरतात असे नाही. २०१९ साली देशात क्षयरोगाचे सुमारे २४ लाख रोगी नोंदले गेले होते. २०२० साली ते १८ लाख नोंदले गेले. क्षय कमी झाला नव्हता; रोगी घरी खोकत बसले होते, कारण दवाखान्याचे दार आणि कर्मचारी दोन्ही करोनात गुंतलेले. बाळंतीण, लसीचे मूल, क्षयाचा रोगी, सिकलसेलचे पोर, यांच्याकडे पाठ न फिरवता जी व्यवस्था साथीशी लढते, तीच खरी टिकाऊ म्हणायची.

बरे, मग गावाने काय करायचे? दिल्ली-मुंबईचे काम दिल्ली-मुंबई करील. गावाचे काम मात्र गावालाच करावे लागेल, आणि ते फार अवघडही नाही. पुढच्या ग्रामसभेत चार गोष्टी विचारा.

पहिली, गावातली मरणे एकवीस दिवसांच्या आत नोंदली जातात की नाही? नुसता दाखला लागतो म्हणून नव्हे. मरणाचे कारण लिहिले गेले नाही, तर पुढचे मरण कसे टळणार? दुसरी, पावडरचे पोते कोठे ठेवले आहे, आणि पाण्याची ओ.टी. तपासणी शेवटची केव्हा झाली? महार टोली, गोंड टोली, गावकुसाबाहेरची नवी वस्ती, तेथल्या विहिरीलाही ती झाली का? जुनी चूक पुन्हा नको. तिसरी, उपकेंद्रातली जागा भरलेली आहे का, आणि आशाताईचा मोबदला वेळेवर मिळतो का? साथीत जिला आपण ओवाळले, ती साध्या दिवसांत मोबदल्यासाठी खेटे घालीत असेल, तर पुढच्या साथीत तिने कोणत्या बळावर दार ठोठवावे? चौथी, गावची ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती बसते का, की तिची नावे फक्त कागदावर आहेत?

आणि गुरुजी, तुमच्यासाठी एक वेगळी विनंती. तुमचा हजेरीपट म्हणजे गावाच्या प्रकृतीची रोजची वही आहे. एकाच टोलीतली चार मुले एका आठवड्यात आली नाहीत, तर रोवण्याचे दिवस आहेत म्हणून सोडून देऊ नका. दोन मुलांना धाडून विचारा. ताप आहे म्हणाले, तर नर्सबाईला त्याच दिवशी कळवा. तुमच्या त्या एका निरोपाने साथ वस्तीच्या वेशीवरच अडेल, असे पुष्कळदा होईल. आणि ती अडली हे कोणाला कळणारही नाही, कारण न झालेल्या मरणाची नोंद कोठल्याच वहीत होत नसते. हत्तीरोगाच्या गोळ्यांचे दिवस आले की त्या खिशात न घालता समोर खायला लावा, हेही तुमचेच काम समजा. मुलांनी घरी जाऊन सांगितले की आजोबाही गोळी गिळतात.

मंडळी, पुढच्या वेळी नक्कल काढायला तहसीलात गेलात, तर पणज्याच्या नावाशीच थांबू नका. १९१८ सालची पाने सापडली, तर मृत्यूच्या कारणाचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचा. ‘ताप’, ‘ताप’, ‘ताप’ असे एकाखाली एक लिहिलेले दिसेल. त्यातले एखादे नाव तुमच्याच घरचे निघेल. ती खबर कोणी एक अनवाणी माणूस ठाण्यापर्यंत चालत घेऊन गेला होता. त्याने आपले काम केले. त्या खबरेवर धावून जाणारे माणूस आता गावात आहे. त्याला राखणे आपल्या हाती आहे.